हजारी ६६७ : मुंबईचा जुना अर्भकमृत्यू दर कसा वाचावा

आपला प्रश्न मला असा समजला. लालबाग-परळच्या चाळींवर आपण लेख लिहीत आहात. त्यासाठी जुने आरोग्य अहवाल चाळताना मुंबई शहराचा १९२१ सालचा अर्भकमृत्यू दर हजार जन्मांमागे ६६७ असल्याचे आपल्याला आढळले, आणि त्याच वर्षी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतला दर तर सुमारे ८२८ होता. जन्मलेल्या तीन मुलांपैकी दोन आणि एका खोलीतल्या पाचांपैकी चार मुले वर्षाच्या आत दगावत होती, असे सरळ लिहावे का, असे आपण विचारता. तसे असेल तर चाळीत पुढची पिढी वाढलीच कशी, ही आपली शंकाही रास्त आहे. त्याखेरीज विभागवार मृत्युदर आणि मृत्यूच्या कारणांची कोष्टके कितपत मानावीत, हेही आपल्याला हवे आहे.

जन्म-मृत्यूच्या नोंदणीत आणि पुढे जुन्या नोंदवह्यांच्या अभ्यासात माझी तीसेक वर्षे गेली. त्या आधारावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो: तसे लिहू नये. आकडा खोटा नाही, छापखान्याची चूक नाही आणि कोणी मुद्दाम फुगवलेलाही नाही. भागाकार बरोबर आहे. मात्र भाज्य एका वहीतून आलेला आहे आणि भाजक दुसऱ्या वहीतून, आणि त्या दोन वह्यांत मोजलेली मुले तीच नाहीत.

मृत्यूची वही कशी भरत असे, ते आधी पाहू. मुंबईत मृत्यूंची नियमित नोंद १८४८ पासून आहे, आणि ती बरीच पूर्ण आहे याचे कारण साधे आहे: प्रेताला स्मशानात, कब्रस्तानात किंवा पारशांच्या दोखम्यात न्यावेच लागते आणि नोंद तिथेच होते. सोनापूरच्या स्मशानात आलेले चार दिवसांचे मूलही नोंदीतून सहसा सुटत नसे. जन्माचे तसे नव्हते. सूचना देण्याची कायद्याने सक्ती होती, पण बाळंतपण खोलीत, सुईणीच्या हातून, पडदा लावून होत असे; तिथून नोंदणी कारकुनापर्यंत जाण्याची निकड कोणालाच नव्हती. पांढरपेशा घरांतही हीच तऱ्हा दिसते. मुलाची तिथी, नक्षत्र, घटका-पळे बिनचूक टिपून पत्रिका मांडली जाई, आणि म्युनिसिपालिटीच्या वहीत त्या मुलाचा पत्ताच नसे.

एका जुन्या मृत्यू नोंदवहीचे पान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या पानावर वर्षाच्या आतल्या सात मुलांच्या नोंदी होत्या आणि त्यांतल्या तिघांच्या नावाच्या रकान्यात नुसते ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘मुलगी’ असे लिहिले होते. वये होती दोन दिवस, पाच दिवस आणि नऊ दिवस. बारसे बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेल्या मुलाला नाव कुठले असणार? त्याच वर्षाच्या जन्मनोंदी मी बापाच्या नावाने आणि पत्त्याने शोधल्या. सातांपैकी चारांचे जन्म सापडले नाहीत. त्या चार मुलांनी दराच्या अंशात भर घातली, पण छेदात ती कधी आलीच नाहीत. हे पान मुंबईचे नसून दुसऱ्या एका शहराचे आहे, म्हणून त्यातले प्रमाण मुंबईला लावू नका. गडबड कशी होते एवढेच त्यावरून पाहा.

मुंबईच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट माहेरची आहे. १९२१ च्या जनगणनेत शहरात जन्मलेले लोक शंभरात सोळाच्या आसपास होते. बाकी सगळे बाहेरून आलेले. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्याचे लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांचे घर, म्हणजे ज्याला ते घर म्हणत ते, कोकणातच होते. बायको मुंबईत असलीच तर सातव्या महिन्यात बोटीने गावी जाई, बाळंतपण तिकडे होई आणि मूल तीन-चार महिन्यांचे झाले की ती परत येई. जन्म रत्नागिरी जिल्ह्याच्या खात्यात पडे. ते मूल पुढे खोलीत जुलाबाने किंवा छातीच्या विकाराने गेले तर मृत्यू मुंबईच्या खात्यात पडे. माझ्या आजीची पाचही बाळंतपणे देवगडकडे झाली आणि पाचही मुले लालबागेत वाढली; त्यांतले एक आठव्या महिन्यात गेले. मुंबईच्या हिशेबात आजीच्या नावावर जन्म शून्य आणि अर्भकमृत्यू एक. हा दर किती काढायचा, ते आपणच सांगा.

आकड्यांत उतरवून पाहू. पुढील संख्या मी समजण्यापुरत्या कल्पिल्या आहेत. चाळींच्या एका समूहात वर्षभरात शंभर बायका गरोदर आहेत. पंचेचाळीस गावी जातात, पंचावन्न मुंबईत बाळंत होतात. या पंचावन्नांपैकी दहा जन्मांची नोंद होत नाही, म्हणून वहीत जन्म पंचेचाळीस. गावी गेलेल्यांपैकी चाळीस जणी काही महिन्यांची मुले घेऊन परततात. मुंबईत जन्मलेल्या पंचावन्न मुलांपैकी वीस आणि बाहेरून आलेल्या चाळिसांपैकी आठ वर्षाच्या आत मुंबईत मरण पावतात. स्मशानातल्या वहीत मृत्यू अठ्ठावीस. अठ्ठावीसला पंचेचाळिसाने भागले की दर येतो हजारी ६२२. मुंबईत जन्मलेल्या मुलांचा खरा दर मात्र पंचावन्नांत वीस, म्हणजे हजारी ३६४. कोणी एक शब्द खोटा लिहिला नाही, तरी दर पावणेदोन पटीच्या जवळ गेला.

उलट दिशेची चूकही होते, ती सोडून चालणार नाही. मुंबईत जन्मलेले मूल आजारी पडले आणि आईने त्याला गावी नेले, तर त्याचा मृत्यू मुंबईच्या वहीतून निसटतो. ही गळती किती, हे समाजागणिक आणि ऋतूगणिक बदलते. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये आजारी मुलाला हलवणे घाटावरच्या माणसाला जमेल तसे कोकणातल्याला जमत नसे. म्हणूनच सगळ्या शहराला एकच दुरुस्तीचा गुणक लावण्याच्या मी विरुद्ध आहे. गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती असलेला मांडवी, पारशांची घरे असलेला धोबीतलाव आणि गिरण्यांचा परळ यांच्या चुका सारख्या नाहीत.

६६७ या आकड्याकडे संशयाने पाहण्याचे आणखी एक कारण त्याच मालिकेत आहे. १९२२ मध्ये हा दर ४०० च्या आसपास उतरला. एका वर्षात खोल्या वाढल्या नव्हत्या, दूध स्वच्छ झाले नव्हते आणि मजुरीही एवढी बदलली नव्हती. एखादे साल इतरांपेक्षा बरे जाऊ शकते, हे मान्य. पण एवढी उडी दिसली की मी आधी जन्माची वही तपासतो, आणि मृत्यूची नंतर. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२१ चा दर ८३ होता. मुंबईचा दर ४०० धरला तरी तो त्याच्या जवळजवळ पाचपट होतो, तेव्हा दुरुस्ती केल्याने मुंबईची दुर्दशा लपते असे कोणी समजू नये. माझे स्वतःचे मत विचाराल तर गिरणगावात तीनांतले एक मूल वर्षाच्या आत जात होते या अंदाजाकडे मी झुकेन, पण ते मत आहे, मोजणी नव्हे, आणि आपल्या लेखात ते मोजणी म्हणून जाऊ नये.

आता खोल्यांचे कोष्टक. एक खोली किंवा त्याहून कमी जागा असलेल्यांत ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३, अशी उतरती भाजणी आपण पाहिली असेल. पुष्कळ लेखक पहिला आकडा उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. मला या कोष्टकात पहिला आकडा सर्वांत कच्चा आणि उतार सर्वांत पक्का वाटतो. कच्चा का, ते वर आलेच: बाळंतपणाला गावी जाणाऱ्या आणि जन्मनोंद न करणाऱ्या बायका एका खोलीतच जास्त होत्या. चार खोल्यांच्या घरात डॉक्टर किंवा शिकलेली सुईण येई आणि नोंद होण्याचा संभव जास्त असे. म्हणजे नोंदणीतला दोष चारही ओळींत सारखा पसरलेला नाही, तो पहिल्या ओळीत साचलेला आहे, आणि त्यामुळे उतार खऱ्याहून अधिक तीव्र दिसतो.

पण किती अधिक? एक खोलीवाल्यांचे जन्म नोंदीच्या दुप्पट होते, असे अगदी उदार होऊन धरा. दर ८२८ वरून ४१४ वर येतो. चार खोल्यांच्या १३३ ला हातच लावू नका. तरीही तिपटीहून अधिक अंतर उरते. कोणत्याही जुन्या आकड्याला मी लावतो ती हीच कसोटी: दोषाचा वाटा शक्य तेवढा मोठा धरायचा आणि निष्कर्ष टिकतो का ते पाहायचे. इथे तो टिकतो. चाळीतली अर्भके खरोखरच फार मोठ्या संख्येने मरत होती. पाचांतली चार मात्र नव्हेत.

मात्र ‘खोली’ हे कारण आणि ‘खोली’ ही खूण यांत गल्लत करू नका. एका खोलीत राहणारी बाई गिरणीत कामाला जात असेल तर दिवसभर मूल शेजारणीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असे आणि ते शांत राहावे म्हणून त्याला बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी, दिली जाई. डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी सरकारच्या वतीने गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली आणि १९२२ च्या त्यांच्या अहवालात या चालीची व्याप्ती स्पष्टपणे मांडली. गुंगीतले मूल पाजण्यासाठी जागे होत नाही, आणि न पाजलेल्या मुलाला जुलाब लागला की ते तग धरत नाही. त्याशिवाय बाळंतपणाच्या अगदी जवळच्या दिवसांपर्यंत आईचे काम, अपुरे खाणे, नळावरची गर्दी, सामाईक शौचकूप आणि खिडकी नसलेली जागा, हे सगळे ‘एक खोली’ या दोन शब्दांत कोंबलेले आहे. उद्या त्याच कुटुंबाला दुसरी खोली दिली असती तर दर ३२२ वर आला असता, असे त्या कोष्टकावरून कोणी म्हणू नये.

इथवरचे पुन्हा एका दमात सांगतो, कारण पुढचा भाग याच धाग्याचा आहे: मृत्यूची वही बऱ्यापैकी पूर्ण, जन्माची वही अपुरी, आणि मधे माहेरी जाणाऱ्या बोटी. विभागवार मृत्युदरात जन्माची वही लागत नाही, तिथे भाजक लोकसंख्या असते. पण लोकसंख्याही मुंबईत ऋतूप्रमाणे हलत होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण प्लेगचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर प्लेग दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस उसळू लागला. १८९१ ला शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ ची जनगणना झाली १ मार्चला, म्हणजे ऐन प्लेगच्या मोसमात, आणि संख्या आली ७,७६,००६. नगरपालिकेने १९०६ मध्ये स्वतंत्र मोजणी केली तेव्हा ती ९,७७,८२२ भरली, आणि १९११ ला ९,७९,४४५. पाच वर्षांत दोन लाख लोक वाढले आणि पुढच्या पाच वर्षांत दोन हजारही नाहीत, हे शक्य नाही. १९०१ ला लोक शहरात नव्हते, एवढेच. स्त्रियांचे प्रमाणही तेच सांगते: हजार पुरुषांमागे १८९१ ला ५८६, १९०१ ला ६१७ आणि १९११ ला ५३०. १९०१ ला बायका वाढल्या नव्हत्या. एकटे राहणारे पुरुष गाव गाठून बसले होते.

समजा एखाद्या वर्षी पन्नास हजार मृत्यू झाले. १९०१ च्या संख्येने भागले तर दर हजारी ६४, १९०६ च्या संख्येने भागले तर ५१. मृत्यू तेवढेच, आणि फरक हजारी तेराचा. म्हणून १९०१ ते १९०५ मधले विभागवार दर वापरताना भाजक कुठला घेतला आहे हे पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका. पुढल्या अहवालांत मागचे दर नव्या मोजणीवरून काढून दिलेले असतील तर तेच घ्या, नसतील तर स्वतः काढा.

विभागांची तुलना करताना वयाचा प्रश्न येतो. परळमध्ये वीस ते चाळीस वयाचे पुरुष भरमसाट, म्हातारे थोडे. हे वय मरण्याचे नव्हे. त्यामुळे तिथला साधा मृत्युदर गिरगावच्या दराएवढा दिसला, तर परळ गिरगावाएवढाच निरोगी होता असे नसून बराच अधिक रोगट होता, असा अर्थ होतो. त्यात भर म्हणजे क्षयाने खंगलेला गिरणीकामगार शेवटी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरत असे. मुंबईत वीस वर्षे धूळ खाऊन तो मरे खेड्यात, आणि तो मृत्यू रत्नागिरी जिल्ह्याच्या खात्यावर चढे. अर्भकांच्या बाबतीत मुंबईचा आकडा फुगतो आणि क्षयाच्या बाबतीत तो खंगतो. दोन्हीचे कारण गाव-मुंबई ही एकच येरझार आहे. आपल्या लेखात काही ठळकपणे मांडायचे असेल तर मी हे मांडेन. यावर अजून फार कमी लिहिले गेले आहे.

मृत्यूच्या कारणांच्या रकान्यांवर फार वेळ घालवू नका. बहुतेक मृत्यू डॉक्टरने पाहिलेले नव्हते. प्रेताबरोबर आलेला नातेवाईक सांगेल ते कारकून लिही. ‘ताप’ या सदरात हिवताप, विषमज्वर, क्षय आणि इतर बरेच काही जाऊन बसलेले आहे. मुलांत ‘आकडी’ आणि ‘जन्मतः अशक्तपणा’ या सदरांचेही तसेच. आकडी म्हणजे शेवटचे दृश्य, कारण नव्हे, आणि सुईणीच्या अस्वच्छ हत्याराने झालेला धनुर्वात त्यात किती हे सांगता येत नाही. प्लेगच्या पहिल्या वर्षांत तर लपवालपवीच होती. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडती आणि विलगीकरणाचे अधिकार दिले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातली आजारी मुलगी तपासायला पथक गेले तेव्हा दंगल उसळली. अशा दिवसांत बापाने मुलीच्या मृत्यूचे कारण ‘प्लेग’ सांगावे ही अपेक्षाच चूक. त्या वर्षांसाठी प्लेगचा रकाना सोडा, महिन्याचे एकूण मृत्यू घ्या आणि प्लेगपूर्वीच्या वर्षांतल्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. हीच रीत १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लावा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. कारणाच्या रकान्यात काय लिहिले होते, याला अशा दिवशी किती किंमत द्यायची ते आपणच ठरवा.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे. वर्षभराच्या अर्भकमृत्यूऐवजी पहिल्या महिन्याच्या आतले मृत्यू वेगळे दिलेले असतील तर ते काढा. बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत बोटीने प्रवास करत नसे, म्हणून त्या वयाची मेलेली मुले बहुतांशी मुंबईतच जन्मलेली असणार आणि माहेरचा घोळ त्या आकड्यात जवळजवळ नसतो. न नोंदलेल्या जन्मांचा मात्र राहतो. तो मापायला देवीच्या लसीचे आकडे उपयोगी पडतात. मुंबई शहरात अर्भकांना लस टोचणे १८७७ च्या कायद्याने सक्तीचे होते, आणि टोचणाऱ्याला मूल कुठे जन्मले याच्याशी कर्तव्य नव्हते. वर्षभरात टोचलेली आणि टोचण्याआधी मेलेली मुले मिळून नोंदलेल्या जन्मांपेक्षा बरीच जास्त भरली, तर छेद किती तोकडा आहे याचा अदमास येतो. तिसरी ताडणी जनगणनेतील एका वर्षाखालच्या मुलांशी करा. मात्र त्यात वय गोळाबेरजेने सांगितलेले असते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

आणि वाक्य कसे लिहावे, असे आपण शेवटी विचारले आहे. मी असे लिहीन: ‘१९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भकमृत्यू नोंदले गेले; यांतली बरीच मुले शहराबाहेर जन्मलेली किंवा जन्मनोंद न झालेली असल्यामुळे खरा दर याहून पुष्कळ कमी असला पाहिजे, तरी एका खोलीतल्या मुलांचे मरण चार खोल्यांतल्या मुलांच्या निदान तिप्पट होते.’ वाक्य लांब आहे आणि संपादक ते तोडू पाहील. तोडायचेच झाले तर ‘नोंदलेल्या’ आणि ‘नोंदले’ हे दोन शब्द तेवढे राहू द्या.